न्हाणीचं पहिलं पाणी

आबा आले तेव्हा मी परसात भांडी घासत होते. खांद्यावर हत्यारांची किंतानाची पिशवी, काखेत पातळी बघायची पाणसळ आणि हातात फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या. पिशवी ओळखीची, पाणसळ ओळखीची. तांब्या बघून मात्र माझं तोंडच उतरलं.

“तो कशाला आणलाय?” मी राखेचे हात तसेच धरून विचारलं.

“काम करताना तहान लागती बाळ,” आबा म्हणाले आणि तांब्या कट्ट्यावर सावलीला ठेवला.

तासगावात माझ्या सासरी पाण्याला काही तोटा नव्हता. परसात हौद होता, स्वयंपाकघरात दोन माठ होते. पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा बापानं प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लोकांचे बाप वर्ष-दोन वर्षांत बारशाला येऊन पोटभर जेवून जातात, मग ती रीत कुणाला आठवतही नाही. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती. आबा यायचे, कट्ट्यावर टेकायचे, खुशाली विचारायचे आणि स्टँडावरच्या हॉटेलात पाणी पिऊन गावाकडची गाडी धरायचे. रीतीला पक्का माणूस. त्यांना वाटायचं आपण लेकीचा मान राखतोय. मला वाटायचं, आबा दर खेपेला गल्लीत दवंडी पिटून जातात की शेवंताला अजून काही नाही. सासूबाई एकदा फटकन म्हणाल्याही होत्या, “तुजा बाप आला की मला दवाखाना आठवतोय.” त्यांचं तोंड असं तिखट. पण पोटात काही ठेवायच्या नाहीत, हेही खरं.

ह्या खेपेला आबांना बोलावलं होतं ते मीच. धाकट्या दिराचं लग्न ठरलं होतं, घरात नवी सून यायची होती, आणि आमची न्हाणी दाखवण्यासारखी नव्हती. मागची पडवी अडवून कधीतरी केलेली ती न्हाणी. एक भिंत दगडमातीची, एक विटांची. खाली शहाबादी फरशी मधोमध खचलेली, आणि मोरीच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात कुणी ना कुणी सिमेंट थापून थापून टेंगूळ आलेलं. आंघोळीचं अर्धं पाणी मोरीत जायचं आणि अर्धं आमच्या पायाशी बसून राहायचं. गावातला मिस्त्री बघायला आला. भिंतीला ओळंबा लावला, चुकचुकला आणि म्हणाला, ही भिंत पोटातून सुटलीय, ह्या न्हाणीत कुणालाच टाइल्स बसवता येणार नाहीत, सगळं पाडा आणि नवीन बांधा.

मी चहा घेऊन उभी होते. तोंड आवरलं असतं तर मी शेवंता कसली. म्हणाले, “नाचता येईना, अंगण वाकडं.” मिस्त्री चहा न घेताच गेला. सासूबाई हसल्या आणि मग म्हणाल्या, “आता तू दाव कोन बसिवतंय ते.” मी लगेच सांगून टाकलं की माझे आबा बसवतील. पंचक्रोशीतल्या देवळांच्या फरश्या त्यांनी बसवल्यात, ही एवढीशी न्हाणी काय लागून गेली. आमचे हे सायकलच्या दुकानातून जेवायला आले, त्यांनाही तेच सांगितलं. शेजारच्या लीलावैनीलाही सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तशातली गत.

आबा एकटेच आले होते. बरोबर माणूस का नाही आणला विचारलं, तर म्हणाले एवढ्याशा कामाला कशाला. मजुरीचं ह्यांनी नाव काढलं तर त्यांनी कानाला हात लावला. रोज सकाळच्या गाडीनं यायचे, भाकरी आणि तांब्या घेऊन. दुपारी परसातल्या शेवग्याखाली बसून आपली भाकरी खायची, आपलं पाणी प्यायचं आणि संध्याकाळी परत.

भिंतींचं काम त्यांनी झकास केलं. खालच्या अंगाला सिमेंटच्या मालाचा थर जाड, वर पातळ, असं करत करत ती पोट सुटलेली भिंत सरळ आणली. कापलेले वेडेवाकडे तुकडे सगळे दाराआड. “जुन्या घराशी भांडायचं न्हाय,” मला म्हणाले. “म्हाताऱ्या माणसागत काखेत हात घालून उठवायचं.” सासूबाई रोज येऊन टाइल्सवरून तळवा फिरवायच्या आणि गल्लीत जाऊन सांगायच्या, आमच्या इवायांचं काम बघून जावा. माझी मान अशी ताठ झाली होती की विचारू नका.

आणि आमचा जुना खेळ परत सुरू झाला होता. आई लवकर गेली, त्यामुळे लहानपणी आबा मला कामावर घेऊन जायचे. मी मध्ये मध्ये लुडबुड करू नये म्हणून त्यांनी एक काम नेमून दिलं होतं. पाणसळ टेकवायचे आणि विचारायचे, “शेवू, बुडबुडा कुठं हाय?” मी काचेत बघून सांगायची, मधी हाय, नाहीतर तुमच्याकडं सरकलाय. बरोबर सांगितलं की गुळाचा खडा. आता इतक्या वर्षांनी न्हाणीतून तीच हाक आली, “शेवू, बुडबुडा कुठं हाय गं?” मी पिठाचे हात घेऊन पळत गेले. दिवसातून चार-चारदा ते हाक मारायचे आणि मी हातातलं काम टाकून जायचे. सासूबाई म्हणाल्या, “लगीन झालेली बाई हायस का शाळंतली पोरगी?” मी हसले. आबाही हसले. टाइल बसवली की ते अंगठा तिच्या कडेवरून सावकाश फिरवायचे, डोळे मिटून. मला वाटायचं, केवढं हे कसब.

खालची फरशी बसवायची त्या दिवशी नेमके नव्या सुनेकडचे पाहुणे आले. मुलीचे आईवडील आणि एक मामा, मुहूर्ताचं बोलायला. सासूबाईंनी पोहे टाकायला सांगितले, आणि चहाच्या वेळेला मोठ्या कौतुकानं मागं जाऊन आबांना बाहेर घेऊन आल्या. कोपरापर्यंत सिमेंट, धोतर खोचलेलं, तसेच ते पडवीच्या दारात उभे राहिले.

“हे आमचं इवाई,” सासूबाई म्हणाल्या. “शेवंताचं वडील. ह्येंच्यासारखा गवंडी जिल्ह्यात न्हाय.”

मला वाटलं, नुसतं इवाई म्हणाल्या असत्या तरी भागलं असतं. मुलीच्या मामानं उठून आपल्या हातातला कप त्यांच्यापुढं धरला. आबांनी हात जोडले.

“मला चालत न्हाय पाव्हणं. लेकीच्या घरचं घेत न्हाय आमी.”

मुलीची आई माझ्याकडं वळली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग पोटाकडं. “म्हणजे अजून काहीच न्हाय व्हय?” ती म्हणाली. “किती वर्सं झाली गं लग्नाला?” वाईट बाई नव्हती ती. जीव कळवळूनच विचारत होती, आणि म्हणून तर मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या हातात पोह्यांची ताटली होती, ती मी कुणाला द्यायची तेच विसरले. सासूबाई मोठ्यांदा म्हणाल्या, पोहे घ्या, गार होत्याल.

आबांनी जोडलेले हात खाली घेतले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मग वळले आणि न्हाणीत गेले.

दुपारभर पाहुणे बसले. जेवणं झाली, पानसुपारी झाली. मी वाढत होते, भांडी उचलत होते आणि मागून थापीच्या दांड्याचा आवाज ऐकत होते. टक टक, मग थोडं थांबून परत टक टक. हाक मात्र एकदाही आली नाही. पाहुण्यांच्या पुढून उठून मला न्हाणीत जाऊन बसावं लागलं नाही, म्हणून मला सुटल्यासारखंच वाटलं. पाहुणे गेल्यावर मागं गेले तर आबांनी दाराला फळी आडवी लावली होती आणि हात धूत होते. मी आत वाकून बघायला लागले, तर म्हणाले, आता बघायचं न्हाय, पाय द्यायचा न्हाय, माल घट्ट हुंद्या. पहिलं पाणी मालकिणीनं वतायचं, मग सगळ्यांनी बघायचं.

ती त्यांची पद्धत होती. न्हाणीत स्वतः तांब्याभर पाणी ओतून बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. काम करणाऱ्यानं आपण दिलेल्या उतारावर, ढाळावर, संशय घेतल्यासारखं होतं, म्हणायचे. घरच्या बाईनं हळदकुंकू वाहून बादली ओतायची, आणि पाणी मोरीत गडगडत गेलं की त्यांनी हत्यारं पिशवीत भरायची.

माल वाळल्यावर ते पांढरंशुभ्र धोतर नेसून आले. हे दुकान उशिरा उघडणार म्हणून थांबले होते. सासूबाईंनी हौदातून बादली भरून आणली, आत दोन बोटं हळदकुंकू टाकलं. टाइल्स फिक्या निळ्या रंगाच्या होत्या, आणि खरं सांगते, एवढी देखणी न्हाणी आमच्या गल्लीत कुणाची नव्हती. सासूबाई आत गेल्या. आम्ही तिघं दाराबाहेर उभे राहिलो, आबा सगळ्यात पुढं, अनवाणी, उंबऱ्याला लागून.

सासूबाईंनी बादली तिरकी केली. पाणी पसरलं. मोरीकडं जायला लागल्यासारखं वाटलं, मग थांबलं. मग ते वळलं आणि शांतपणे दाराकडं यायला लागलं. कुंकवाची रेघ पाण्यावर होती, त्यामुळे चांगलं दिसत होतं. मी बघितलं, ह्यांनी बघितलं, सासूबाईंनी रिकामी बादली तशीच धरून बघितलं.

आबा मोरीकडं तोंड करून उभे होते. मान थोडी कलती करून, हसऱ्या तोंडानं. पाणी मोरीत पडल्याचा आवाज कधी येतोय त्याची वाट बघत होते. पाणी त्यांच्यासमोरून चालत येत होतं आणि त्यांना दिसत नव्हतं.  पाणी बसक्या उंबऱ्यावरून आलं आणि त्यांच्या पायाला लागलं, तेव्हा ते दचकले. खाली बघितलं. मग वाकून हातानं चाचपलं, पाणी कुठून येतंय ते बोटांनी बघितलं.

माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. नाचता येईना, अंगण वाकडं. कुणी म्हटलं नाही, म्हणायची गरजही नव्हती. मला लाज वाटली. ज्या माणसाच्या जिवावर मी गावभर फुशारकी मारली होती, तो बाप माझ्या नवऱ्यापुढं, माझ्या सासूपुढं ओल्या फरशीवर चाचपडत होता, आणि मला त्याची लाज वाटली.

“उलटा ढाळ पडला,” आबा सावकाश म्हणाले. “मोरीचं टेंगूळ पुरतं उतरवायला पायजे हुतं.”

हे म्हणाले, एखादी ओळ काढून बघू. आबांनी मान हलवली. एक ओळ न्हाय, सगळी काढावी लागंल.

सासूबाईंनी बादली ठेवली, खुंटीचं जुनं लुगडं ओढलं आणि स्वतः खाली बसून पाणी पुसायला लागल्या.  ज्या बाईच्या तोंडाला उभ्या जन्मात कुणी कुलूप लावू शकलं नाही, ती गप्प बसून फरशी पुसत होती. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आबा पडवीत आले आणि सिमेंटच्या पालथ्या घमेल्यावर बसले. धोतराचा सोगा भिजून लाल झाला होता. ओले हात धोतराला पुसले.

“शेवू,” ते म्हणाले, “जरा पाणी दे प्यायला.”

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“दे बाळ. आता कसला मान आन् कसलं काय. गवंडी कामावर आला की मालकाच्या घरचं पाणी पितोच.”

मी आत गेले. माठाजवळची रोजची भांडी घेतली नाहीत, फळीवरचा नवा पेला काढला. दोनदा विसळला, माठातल्या खालच्या गार पाण्यानं काठोकाठ भरला आणि न सांडता बाहेर घेऊन आले. आबांनी हात पुढं केला.

“शेवंता, ठेव तो पेला,” सासूबाई म्हणाल्या.

त्या न्हाणीच्या दारात उभ्या होत्या, हातात ते लाल झालेलं लुगडं. मी थांबले. त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला आणि कट्ट्यावर ठेवून दिला. मग आबांच्या पुढं आल्या.

“इवाई, तुमी ह्या दारात मजूर म्हणून आला न्हाईसा. सात वर्सं माज्या घरी तोंड कोरडं ठिवलं. मला राग आला तरी ठिवलं. ते आता एका बादलीपायी घालवताय व्हय? फरशी चुकती, परत बसती. ह्या घरचं पानी तुमी नातवाच्या बारशाला प्यायचं. आज मी पिऊ द्यायची न्हाय.”

आबा मान खाली घालून बसले.  सासूबाईंनी कट्ट्यावरचा फिरकीचा तांब्या उचलला आणि ह्यांच्या हातात दिला. “पल्हाद, लीलाच्यातनं भरून आण. आपल्या हौदातलं नगो.” आमच्या ह्यांनी जन्मात कधी तांब्या भरून आणला नव्हता. ते गेले, शेजारून तांब्या भरून आणला आणि दोन्ही हातांनी आबांपुढं धरला. आबा घटाघटा प्यायले. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला चुलीपुढून उठवलं. म्हणाल्या, आज तू स्वयंपाकघरात दिसलीस तर बघ, बापाजवळ जाऊन बस. मी गेले. आबांनी आपल्या हातांनी बसवलेली ती निळी फरशी आपल्याच हातांनी काढली. त्यातल्या निम्म्या टाइल्स फुटल्या. मग छिन्नी घेऊन ते मोरीच्या टेंगळावर बसले आणि तळापर्यंत उतरवलं. परत माल अंथरला, पाणसळ टेकवली.

“शेवू, बुडबुडा कुठं हाय?”

“दाराकडं सरकलाय.”

“किती?”

“रेघंला लागलाय.”

“मग बरोबर. दाराकडं उंच, मोरीकडं ढाळ.” थोड्या वेळानं, हातातलं काम न थांबवता म्हणाले, “दोन्ही डोळ्यांवर पडदा आलाय बाळ. वर्सभर झालं. काच दिसती, पर आतला बुडबुडा दिसत न्हाय.”

“मला वाटलं तुम्ही खेळताय,” मी म्हणाले.

“त्या दिवशी पाव्हण्यांपुढनं तुला कशी हाक मारायची? आधीच माज्यापायी तुजं तोंड एवढंसं झालं हुतं.” त्यांनी टाइलच्या कडेवरून अंगठा फिरवला. “म्हटलं, बसवतो अंदाजानं.”

मला रडू फुटलं. त्यांनी सिमेंटचा हात माझ्या डोक्याजवळ आणला आणि केस खराब होतील म्हणून मागं घेतला.

दुसऱ्यांदा सासूबाईंनी बादली ओतली तेव्हा पाणी सरळ मोरीत गेलं. आबा दाराशी कान लावून उभे होते. तो गडगडाट ऐकला आणि त्यांनी हत्यारं पिशवीत भरली. जाताना सासूबाईंना वाकून नमस्कार करायला लागले, तर त्या मागं सरकल्या आणि म्हणाल्या, “इवाई असून इनीच्या पाया पडून मला पाप लावताय व्हय?”

ह्यांनी पुढं आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करवून आणलं. एका डोळ्यानं चांगलं दिसायला लागलं. त्यानंतरही बरीच वर्षं ते येत राहिले, फिरकीचा तांब्या घेऊन. मला मूल झालं नाही. सासूबाईंनी तो विषय परत काढला नाही, आणि आबा आमच्या घरचं पाणी न पिताच गेले.

सासूबाईही गेल्या, दीर वेगळा राहतो, आता घरात मी आणि हे दोघंच. ती न्हाणी अजून तशीच आहे, एक टाइल हललेली नाही. लोक म्हणतात, शेवंताबाई, तुमच्या बापानं काय काम केलंय. मी हो म्हणते. पण आंघोळीचं पाणी मोरीत गडगडलं की मला फरशी आठवत नाही, तो पेला आठवतो. त्या दिवशी माझा बाप पडवीत मान टाकून बसला होता. सात वर्षं जपलेली एकच गोष्ट त्यानं आमच्यापुढं टाकून दिली होती. हे सासूला कळलं, परक्या बाईला. आणि मी पोटची पोर, आत फळीवरून नवा पेला काढत होते, दोनदा विसळत होते, आणि मनात म्हणत होते, सुटले बाई एकदाची, आता कुणी विचारणार नाही. पेला भरताना मी खूश होते.